जनी फाटकवालीचा हिरवा झेंडा

जनीला हेवा करायला कारण लागत नसे. ही काही निंदा नव्हे. बेलवलीत कुणालाही विचारा, नाहीतर सरळ जनीलाच विचारा, ती स्वतः सांगेल. लहानपणी थोरल्या बहिणीच्या कानात सोन्याच्या बुगड्या आल्या, तर ही दोन दिवस जेवली नाही. लग्न होऊन सासरी आली, तर जावेच्या हातची सुक्या बोंबलाची चटणी सगळ्यांना आवडते म्हणून हिचा जळफळाट. पुढं शेजाऱ्यांची जमीन बिल्डरकडे गेली आणि त्यांचं बाहेरून टाइल्स लावलेलं तीन मजली घर उभं राहिलं, तेव्हा जनीनं त्या बाजूची खिडकीच लावून घेतली. आणि मग रोज सकाळी फटीतून बघायची, आज त्यांनी काय नवीन आणलं ते. दुसऱ्याचं बरं झालेलं तिला बघवत नसे आणि बघितल्याशिवाय राहवतही नसे.

कुणी आजारी पडलं की मात्र पेज घेऊन पहिली हजर जनीच. रात्रभर उशाशी बसेल, पाय चेपेल, घाण काढेल. सून रिद्धी हसून म्हणायची, "आमच्या आईंना आजारी माणूस लय आवडतो. त्याच्यावर जळायचं टेन्शनच नसतं ना!" जनी यावर शिवी हासडायची आणि स्वतःही हसायची.

पण हे सगळे किरकोळ हेवे. आज आला, उद्या विरला. लोणच्यासारखा मुरलेला हेवा एकच होता, कमळाकर ड्रायव्हरच्या घराचा. तो कसा लागला हे सांगायचं तर आधी छोट्या लाइनची गोष्ट सांगावी लागते.

जांभूळ गावाच्या पलीकडे एका कंपनीची दगडखाण होती. तिथली खडी बदलापूरला मोठ्या रेल्वेपर्यंत आणायला कंपनीनं स्वतःची अरुंद लाइन टाकली होती. पुढं एक पिवळं डिझेल इंजिन, मागं खडीचे डबे, आणि शेपटाला कामगारांसाठी बाकडी ठोकलेला एक डबा. लोक तिला छोटी लाइन म्हणत. पुढं खाण संपली, कंपनी गेली, रूळ उचलले गेले. आज त्या जागी सोसायट्या आहेत, आणि त्यात राहायला आलेल्यांना आपल्या बेडरूमखालून गाडी जायची हे सांगितलं तर खोटं वाटतं.

जनीचा नवरा सदू या लाइनवर गँगमन होता. रूळ ठोकायचा, खडी भरायचा. पोरगा अमित रांगत होता आणि सदू काविळीनं गेला. धोंडिबा मुकादम म्हणून एक म्हातारा होता, त्यानं साहेबापुढं शब्द टाकला आणि जनीला फाटकावर नोकरी लागली. बाईमाणूस फाटकावर म्हणून गाव खदखदून हसलं. जनीनं पदर खोचला, फाटक लावलं, खुंटी घातली आणि झेंडा धरून उभी राहिली. हसणाऱ्यांना त्या दिवशी फाटकाच्या अलीकडे ताटकळत ठेवलं, तेव्हा त्यांचं हसू आटलं.

काम साधं. गाडीची शिट्टी ऐकली की फाटक लावायचं, मग हिरवा झेंडा हात लांब करून धरायचा. ड्रायव्हरनं झेंडा दिसला म्हणून हात वर करायचा. ती त्याची पावती. हात वर झाला नाही तर लाल दाखवून गाडी उभी करायची. धोंडिबानं असंच शिकवलं होतं, आणि कमळाकर ड्रायव्हर हात वर करायला कधी चुकला नाही.

आता बघा. त्या फाटकासमोरच कंपनीची चाळ होती आणि त्या चाळीत पहिलंच बिऱ्हाड कमळाकरचं. संध्याकाळची शेवटची खेप झाली की तो चालत घरी यायचा. त्याची बायको उमा दारात उभी असायची. त्याच्या हातातला डबा घ्यायची, पाण्याचा तांब्या द्यायची, आणि दोघं आत जायची. बास, एवढंच. यात बघण्यासारखं काय आहे? पण जनी फाटकाच्या खुंटीला टेकून ते रोज बघायची. उमाच्या साडीचा तिला हेवा नव्हता, साड्या उमाच्याही सुतीच होत्या. दागिन्यांचाही नव्हता. त्या बाईचा माणूस रोज संध्याकाळी घरी येतो, याचा हेवा होता. असला हेवा कुणाला बोलून दाखवता येतो? मग ती म्हणायची, "काय मेली सारखी दारात उभी रवते, कामधंदा नाय हिला!" आणि कंदील पुसायला बसायची.

लाइन बंद झाली तशी माणसं पांगली. कमळाकरनं अंबरनाथला एका कारखान्यात नोकरी धरली, तिकडंच खोली घेतली. जनीनं बदलापूरच्या बाजारात भाजीची पाटी लावली. वांगणीहून माळवं आणायचं आणि विकायचं. त्यावर अमितला शिकवलं, त्याचं लग्न लावलं. रिद्धीसारखी तोंडाळ पण मायाळू सून मिळाली. कमळाकर आणि उमा कधीमधी कुणाच्या लग्नात दिसायचे. तेवढ्यापुरतं जनीच्या पोटात दुखायचं आणि घरी येईपर्यंत थांबायचं. तिला वाटलं होतं, हा हेवा आता संपला.

कुठला संपतोय! विक्रांत नावाचा एक पोरगा उपटला. पोरगा म्हणजे चाळिशीचा, बदलापुरात राहणारा, कंपनीत कंप्युटरवर काम करणारा, आणि रेल्वेचं वेड लागलेला. जुन्या नकाशात त्याला छोटी लाइन सापडली. मग हा पठ्ठ्या दारोदार फिरला. लाइनवरची हयात माणसं त्यानं शोधून काढली. पिवळं इंजिनही शोधलं. ते उल्हासनगरला एका सिंधी शेठच्या भंगारवाड्यात पत्र्याखाली पडलं होतं. शेठच्या बापानं मरताना सांगितलं होतं, "इसको काटना नहीं, इसके आने से बरकत हुई है." म्हणून ते वाचलं. शेठनं इंजिन दिलं, सोबतचा बाकड्यांचा डबा दिला आणि वर रंगही दिला. मग कंपनीच्या जुन्या यार्डात घाणेरीची झुडपं तोडली, तर खाली रुळाचा एक तुकडा जसाच्या तसा सापडला. एका टोकाला शेड, दुसऱ्या टोकाला जांभळाचं झाड, मध्ये गाडी रमतगमत जाऊन येईल एवढी लाइन. विक्रांतनं मंडळ काढलं. दर रविवारी म्हातारे जमायचे, गंज घासायचे, वडापाव खायचे आणि भांडायचे.

जनी पहिल्या रविवारपासून होती. फाटकावरची पितळी घंटा तिनं चिंच लावून घासली, सोन्यासारखी केली. कंदिलाच्या काचा राखेनं पुसल्या. पण लोक यायचे ते कुणासाठी? कमळाकर ड्रायव्हरसाठी! विक्रांतनं त्याचा व्हिडिओ काढला, 'छोट्या लाइनचा शेवटचा ड्रायव्हर' असं नाव दिलं, आणि तो सगळीकडे फिरला. पोरंटोरं येऊन म्हणायची, "काका, हॉर्न वाजवा ना! काका, एक सेल्फी!" त्याला शाल मिळाली. नारळ मिळाला. एका शाळेनं बोलावून पुन्हा शाल दिली. व्हिडिओत जनीही होती, नाही असं नाही. कंदील पुसताना तिची पाठ दिसते, तीही अर्धी.

"बग, बग," ती रिद्धीला मोबाइल दाखवायची, "ही माजी पाठ."

"छान आलीय, आई."

"दोन शाली झाल्या त्याच्या. एवढी थंडी तरी परते का बदलापुरात?"

आणि वैताग असा की माणूस चांगला. खडूस असता, आढ्यतेखोर असता, तर जळायला तरी मोकळीक मिळाली असती. पण कुणी फाटकाचं विचारलं की कमळाकर लगेच म्हणायचा, "ते जनीबाईंना विचारा. त्यांचं फाटक म्हणजे फाटक होतं." लोक जनीकडे बघून मान डोलवायचे आणि पुन्हा हॉर्नकडे वळायचे. जनीला वाटायचं, ही शिफारस नसती तर बरं झालं असतं.

इंजिन चालू झालं तसा उद्घाटनाचा दिवस ठरला. आता इथं नीट ऐका, कारण पुढचं सगळं यावरून झालं. गाडी सुटते कशानं? हिरव्या झेंड्यानं. झेंडा दाखवणारं माणूस कोण? फाटकवाली. हयात असलेली फाटकवाली कोण? जनी. यात विचारायचं काय आहे! जुना झेंडा विटून गेला होता म्हणून जनी स्वतः उल्हासनगरला गेली, कपड्याच्या दुकानात दहा गठ्ठे उलगडायला लावून पाहिजे तोच हिरवा निवडला, घरी मशीनवर शिवला, दांडीला तेल पाजलं. सूनबाईला सांगून साडी इस्त्री करून ठेवली. शालीबिली नको होत्या तिला. सगळ्यांसमोर एकदा झेंडा धरायचा, आणि त्या गाडीनं आपल्या हातानं सुटायचं, एवढंच हवं होतं.

बैठकीत तिनं झेंडा विक्रांतपुढं ठेवला. त्यानं उलगडून पाहिला, खूश झाला.

"मावशी, एकदम भारी! उमाकाकू हाच दाखवतील."

"कोन?"

"उमाकाकू. ड्रायव्हरकाकांच्या मिसेस. माझ्या डोक्यात कन्सेप्टच तो आहे. पन्नास वर्षं काकांच्या पाठीशी उभी राहिलेली बाई आज त्यांना झेंडा दाखवते. लोक रडतील बघा."

मंडळींनी टाळ्या वाजवल्या. कमळाकर लाजून म्हणाला, "अरे तिला कशाला, तिला त्यातलं काय कळतं," पण खूश झालेलं लपलं नाही. जनीच्या तोंडून एकच शब्द निघाला, "बरं."

घरी आल्यावर मात्र भांड्यांनी मार खाल्ला. "पाटीशी उबी होती म्हने! गारीच्या पाटीशी डबे असतात, बाया नसतात. जिनं रुलाला कदी पाय लावला नाय, ती झेंडा दाखवनार. आनि शिवायला मी. दलायला आमी नि खायाला ही!"

"मग तिथंच बोलायचं ना, मला पायजे म्हणून," रिद्धी म्हणाली.

"मागून घेऊ? मी?"

रिद्धीनं भांडी उचलून जागेवर ठेवली. सासूला ती ओळखून होती. जनी एखाद्या गोष्टीसाठी झुरून काटकी होईल, पण मागणार नाही. कुणी आणून हातात दिली तर भीक म्हणून परत करील. अशा माणसाचं करायचं काय?

अजून कडेलोट व्हायचा बाकी होता. दुसऱ्या दिवशी विक्रांतचा फोन आला. उमाकाकूंना झेंडा धरता येत नाही, रुमालासारखा धरतात, तेव्हा मावशी, तुम्हीच जरा शिकवा. आणि संध्याकाळी रिक्षातून उतरून उमा बेलवलीत जनीच्या अंगणात उभी. हातात मिठाईचा बॉक्स, गुडघ्याला पट्टा, आणि तोंडावर तेच जुनं शांत हसू.

"जनीताई, मला काही म्हणजे काही येत नाही हो. तुम्ही सांगाल तसं करीन."

जनीनं तिला पाणी दिलं. दांडी हातात दिली. खरं सांगायचं तर तोपर्यंत जनीच्या मनात वाईट काही नव्हतं. हात लांब करायचा, झेंडा स्थिर धरायचा, ड्रायव्हरनं हात वर केला की खाली घ्यायचा, संपलं, एवढं शिकवून ती बाईला वाटेला लावणार होती. पण उमानं झेंड्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "किती बारीक शिवलाय. हे म्हणत होते, माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच तू मला झेंडा दाखवणार."

झालं. जनीच्या डोक्यात तिडीक गेली.

धोंडिबा मुकादमानं एक नियम शिकवला होता, छोट्या लाइनवरच्या प्रत्येक माणसाला तो पाठ होता. झेंडा हिरवा असो, लाल असो, नाहीतर हातात नुसतं धोतर असो, कुणी ते जोरजोरात हलवायला लागला की गाडी थांबवायची. धोंडिबा म्हणायचा, घाबरलेल्या माणसाच्या हातात काय आहे ते बघत बसू नका, तो का घाबरला ते बघा. स्थिर हिरवा म्हणजे चल, आणि पिसाटासारखा हलवलेला हिरवा म्हणजे थांब, पुढं धोका आहे.

"असा नाय गो वयनी," जनी म्हणाली. "हलवायचा. जोरात. दोनी बाजूंना."

"असा?"

"आनखी जोरात! लांबच्या मानसाला दिसला पायजे. थांबायचा नाय, हलवतच रावायचा."

उमा थांबली. तिनं क्षणभर जनीच्या तोंडाकडे पाहिलं. "एवढ्या जोरात?"

"एवढ्या जोरात."

"बरं," उमा म्हणाली, आणि अंगणात उभी राहून हिरवा झेंडा जत्रेतल्या पोरासारखा हलवू लागली. रिद्धी आतून बघत होती, तिला त्यातलं काही कळलं नाही. जनीनं मिठाई ठेवून घेतली आणि चहाही पाजला.

उद्घाटनाचा रविवार उजाडला. यार्डात मांडव, खुर्च्या, बँजो पार्टी, एक माजी नगरसेवक, आणि डब्यात बसायला पोराबाळांची झुंबड. इंजिनाला झेंडूच्या माळा. कमळाकर खाकी घालून वर चढला, तेव्हा शिट्ट्या पडल्या. उमा मोरपंखी साडी नेसून लाइनीच्या कडेला उभी होती. जनी शेडच्या खांबाला टेकून उभी होती, इस्त्रीची साडी नेसून, रिकाम्या हातांनी. तिच्या मनात भीतीपेक्षा मजाच जास्त होती, हे लपवण्यात अर्थ नाही.

विक्रांत माइकवर ओरडला, "आणि आता, उमाकाकू!"

उमानं झेंडा उचलला आणि हलवायला सुरुवात केली. काय हलवला बाईनं! पदर सुटला, बांगड्या वाजल्या, झेंड्याची दांडी वाकली. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. बँजो सुरू झाला. गाडी मात्र जागची हलली नाही.

"काका, चला!" विक्रांत ओरडला.

कमळाकरचा हात ब्रेकवर होता. तो चेहरा जनीनं ओळखला. लाइनवर असताना तो असाच व्हायचा, बायको, पोरं, साहेब काही दिसायचं नाही त्याला. त्यानं इंजिन बंद केलं. टाळ्या विरल्या, बँजोही थांबला. गुडघे सांभाळत एकेक पायरी तो खाली उतरला, इकडंतिकडं पाहिलं, मग तरातरा उमाकडे गेला.

"काय झालं? काय दिसलं तुला पुढं?"

"काही नाही."

"काही नाही? मग हलवतेस कशाला? थांब म्हणतेस आणि वर हसतेस? मागं पोरं बसलीत, कळतंय का? हे काय हळदीकुंकू आहे?"

एवढ्या लोकांत त्यानं बायकोला झापलं. माइक चालू होता, सगळ्यांनी ऐकलं. पुढच्या खुर्च्यांवरच्या दोघी पदर तोंडाला लावून हसल्या. जनीनं जे मागितलं होतं ते पुरेपूर मिळालं. आणि आता उमा बोट दाखवणार, माझं नाव घेणार, म्हणून तिनं खांब घट्ट धरला.

"माझं चुकलं," उमा म्हणाली. "मला येत नाही ते. ज्यांना येतं त्यांना द्या."

विक्रांतला घाम फुटला होता. तो धावतच जनीकडे आला. "मावशी, तुम्ही दाखवा. प्लीज. लवकर."

जनी पुढं झाली. उमाच्या हातून तिनं झेंडा घेतला, तिच्याकडे न बघता. लाइनीच्या कडेला पाय रोवले, हात लांब केला. झेंडा हलला नाही, नखभरही नाही. वर चढून बसलेल्या कमळाकरनं पाहिलं आणि हात वर केला. हॉर्न वाजला, पोरं किंचाळली, आणि पिवळं इंजिन जनीच्या हातानं सुटलं. लोक उठून उभे राहिले. मोबाइलच मोबाइल तिच्यावर रोखले गेले, आणि या वेळी पाठ नाही, तोंड. सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होती ती उमा. ते बघून जनीच्या आनंदावर विरजण पडलं. हिला चांगुलपणा दाखवायची एवढी कसली हौस, असं वाटून तिला रडू आलं आणि रागही आला.

कार्यक्रम संपला. लोक वड्यांच्या परातीभोवती जमले. उमा जांभळाच्या झाडाखाली खुर्ची घेऊन एकटीच बसली होती, गुडघा चोळत. जनी चहाचे दोन कप घेऊन गेली. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, पण तोंडातून भलतंच आलं.

"दादा जरा जास्तच बोलले तुमाला."

"बोलू देत. लाइनवर असला की तो असाच."

"तुमी सांगितला नाय, कोनी शिकवला ते."

उमानं कप घेतला. "जनीताई, पन्नास वर्षं त्या माणसाला जेवायला वाढतेय. जेवताना तो दुसरं बोलतो काय? लाल असा, हिरवा असा, जोरात हलवलं की थांब. माझ्या नातवंडांनासुद्धा पाठ आहे ते."

जनीनं आपला कप खाली ठेवला. "म्हंजे अंगनात तवा..."

"तेव्हाच कळलं. बाई मला उलटं शिकवतेय, माझ्यावर जळतेय. खरं सांगू? बरं वाटलं. माझ्यावर कोण जळणार हो! मी कधी काय केलं आयुष्यात?"

"मंग हलवलात कशाला? सगल्यांसमोर शिव्या खायाला?"

उमानं इंजिनाकडे पाहिलं. लांबवर कमळाकर पोरांना हॉर्न वाजवू देत होता.

"मला बघायचं होतं, माझ्या हातानं गाडी थांबते का. तुम्ही फाटकावर आलात त्या दिवसापासून आमच्या घरी रोज तेच. आज जनीबाई पावसात उभ्या होत्या, पण हात हलला नाही. जनीबाई झेंडा धरतात की बघत राहावं. मी ऐकायची, आमटी वाढायची. रोज येताजाता तुम्हाला हात करायचा तो. दारात उभी राहून मी बघायची ना. मला मात्र लग्नाआधी नाही, लग्नानंतर नाही, त्यानं कधीच लांबून हात केला नाही."

"आवो, तो नियम व्हता!" जनी जवळजवळ ओरडलीच. "हात करायलाच लागतो ड्रायवरला!"

"असेल. घरात तसला नियम नव्हता."

"पन आज थांबला ना? तुमच्या हातानं थांबला."

"थांबला," उमा म्हणाली. "आणि खाली उतरला. उतरल्यावर पहिल्यांदा कुणाकडे बघितलं, पाहिलंत ना? मी समोर उभी होते झेंडा घेऊन. त्यानं बघितलं खांबाकडे, तुमच्याकडे. जनीबाई काय म्हणतात, खरंच धोका आहे का, म्हणून."

जनीनं आठवून पाहिलं. खरंच, इकडंतिकडं बघताना त्याची नजर आधी तिच्यावर थांबली होती. तिला वाटलं होतं, चोरी पकडली गेली.

या घडीला तिला उमाची दया यायला हवी होती. लाज वाटायला हवी होती, आणि थोडी वाटलीही. पण खरं सांगायचं तर तिच्या छातीत काहीतरी उकळी फुटल्यासारखं वर आलं, आणि ते सुख होतं. सगळा जन्म ती दुसऱ्यांच्या दाराकडे बघून जळली, आणि त्याच दारात उभी राहून दुसरी कुणी तिच्याकडे बघून जळत होती! रोज! येताजाता! आणि हिला पत्ताच नाही.

तिनं शेजारची खुर्ची ओढली, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ, आणि पदरानं तोंड पुसलं.

"लय जलायचीस माज्यावर?"

"खूप," उमा म्हणाली.

"दोनी येलेला? सकालीपन?"

"सकाळी जरा जास्तच."

जनीनं तिच्या हातातला रिकामा कप काढून बाजूला ठेवला.

"सगला सांग गो," ती म्हणाली. "पयल्यापासून सांग. काय सोरू नको."